अमेरिकेची निवडणूक आणि सक्तीच्या लष्करभरतीची अफवा

नदीकाठ – ६ ऑक्टोबर २०२४

अमेरिकेतील अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली आहे आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तोच मजकूर फिरू लागला आहे: निवडणूक आटोपली की तिथे अठरा ते सव्वीस वयाच्या मुलांना सक्तीने लष्करात घेणार, कायदा तयार आहे, जाहीर करायचे तेवढे बाकी आहे. माझ्याकडे या मजकुराच्या दोन आवृत्त्या आल्या. एकीत दोष एका पक्षाचा आहे, दुसरीत दुसऱ्या पक्षाचा, आणि बाकीचा मजकूर शब्दशः एकच आहे.

यंदा या अफवेला एक खरे निमित्तही मिळाले आहे. १४ जून २०२४ रोजी प्रतिनिधीगृहाने संरक्षण खात्याचे वार्षिक विधेयक २१७ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केले. सक्तीची भरती करायची वेळ आलीच तर कोणाला बोलवायचे याची यादी ठेवणाऱ्या ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ या यंत्रणेकडे तरुणांना आज स्वतः नाव नोंदवावे लागते. त्याऐवजी सरकारनेच आपल्या दप्तरांच्या आधारे ती नोंदणी परस्पर करावी, असे एक कलम या विधेयकात आहे. सिनेटच्या समितीने आपल्या मसुद्यात नोंदणी स्त्रियांनाही लागू करण्याची तरतूद घातली आहे. या दोन मसुद्यांचा मेळ अजून बसायचा आहे. पण नोंदणी म्हणजे भरती नव्हे. नोंदणी १९८० पासून चालूच आहे, आणि सक्तीने भरती करण्याचा सरकारचा अधिकार १ जुलै १९७३ रोजी संपला तो आजतागायत परत आलेला नाही. तो परत आणायचा तर दोन्ही सभागृहांना नवा कायदा करावा लागेल. अध्यक्षाच्या एकट्याच्या सहीने ते होत नाही.

धागा काढण्याचे खरे कारण मात्र २००४ ची निवडणूक हे आहे. त्या वर्षी ही अफवा जेवढी पसरली तेवढी त्याआधी किंवा त्यानंतर क्वचितच पसरली असेल, आणि तिची जडणघडण कशी झाली हे आज तपशिलाने सांगता येते.

इराकवर मार्च २००३ मध्ये हल्ला झाला. त्याआधीच, म्हणजे ७ जानेवारी २००३ रोजी, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी चार्ल्स रँगेल यांनी एच. आर. १६३ हे विधेयक मांडले होते. अठरा ते सव्वीस वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने दोन वर्षे राष्ट्रीय सेवा करावी, ती लष्करी असावी किंवा नागरी, अशी त्यात तरतूद होती. सिनेटमध्ये फ्रिट्झ हॉलिंग्ज यांनी त्याच धर्तीचे एस. ८९ मांडले. रँगेल स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेले आणि जखमी झालेले गृहस्थ होते, आणि इराक युद्धाला त्यांचा ठाम विरोध होता. युद्ध पुकारणाऱ्यांची मुले युद्धावर जात नाहीत, गरिबाघरची जातात. सर्वांच्याच मुलांवर पाळी येणार असेल तर युद्धाचा निर्णय इतक्या सहजपणे घेतला जाणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे विधेयक मांडले ते युद्धविरोधकाने, आणि ते मंजूर व्हावे अशी अपेक्षा बहुधा त्यालाही नव्हती.

अफवेचा दुसरा धागा नोव्हेंबर २००३ चा आहे. संरक्षण खात्याच्या एका संकेतस्थळावर सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या स्थानिक मंडळांसाठी स्वयंसेवक हवेत, अशी सूचना झळकली. भरती सुरू झाली तर कोणाला सूट द्यायची, कोणाला मुदत द्यायची, हे ठरवणारी ही मंडळे. १९८० च्या सुमारास त्यांची पुन्हा उभारणी झाली होती आणि सभासदाला वीस वर्षांहून अधिक काळ राहता येत नसल्यामुळे जागा रिकाम्या होत होत्या. हे कारण अगदी रूक्ष कारकुनी होते, पण त्या वेळी इराकमधून रोज शवपेट्या येत होत्या. बातम्यांत गाजावाजा झाल्यावर ती सूचना काढून टाकण्यात आली आणि काढून टाकल्यामुळेच संशय दुप्पट झाला.

मग २००४ मध्ये साखळी-ईमेल निघाली. दोन्ही विधेयकांचे क्रमांक तिच्यात अचूक होते. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या अंदाजपत्रकात २ कोटी ८० लाख डॉलरची भर घातली आहे, १५ जून २००५ पासून भरती सुरू होऊ शकते, मुलींनाही नेणार, आणि डिसेंबर २००१ च्या सीमाकरारामुळे या वेळी कॅनडात पळून जाता येणार नाही, असे तिच्यात म्हटले होते. भर घातल्याची गोष्ट खोटी होती: त्या यंत्रणेचा वर्षाचा सगळा खर्चच सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर होता आणि तो कित्येक वर्षे तेवढाच होता. सीमाकरार खरा होता, पण त्याचा भरतीशी संबंध नव्हता.

याला जोड मिळाली ती लष्कराच्या खऱ्या ओढगस्तीची. त्या शरद ऋतूत सुमारे १ लाख ३८ हजार अमेरिकी सैनिक इराकमध्ये होते. ज्यांच्या नोकरीची मुदत संपली होती अशा सैनिकांना ‘स्टॉप-लॉस’ या नियमाखाली घरी सोडले जात नव्हते, आणि जून २००४ च्या अखेरीस नोकरी सोडून गेलेल्या, पण राखीव यादीत नाव असलेल्या सुमारे ५,६०० जणांना परत बोलावण्याचे जाहीर झाले. डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांनी याला मागल्या दाराने केलेली सक्तीची भरती म्हटले आणि ऑक्टोबरमध्ये तर अध्यक्ष जॉर्ज बुश पुन्हा निवडून आले तर सक्तीची भरती येण्याची मोठी शक्यता आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ८ ऑक्टोबरला सेंट लुईस येथील वादसभेत एका श्रोत्याने याबद्दल विचारले तेव्हा बुश यांनी ‘इंटरनेट्स’वर तशा अफवा असल्याचे सांगून आपण अध्यक्ष असेतो भरती होणार नाही, अशी ग्वाही दिली. त्या अनेकवचनाची लोकांनी पुढे वर्षानुवर्षे टिंगल केली. उत्तरातला आशय मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. त्याच महिन्यात फ्लोरिडातील डेटोना बीचच्या सभेत त्यांच्या तोंडून स्वयंसेवी सैन्य ‘नसेल’ असे निघून गेले आणि लगेच ते दुरुस्त करावे लागले.

वादसभेच्या तीन दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन नेतृत्वाने रँगेल यांचे विधेयक कोणतीही सुनावणी न घेता अचानक मतदानाला आणले. ते ४०२ विरुद्ध २ मतांनी पडले. बाजूने मत देणारे दोघे होते जॉन मर्था आणि पीट स्टार्क. रँगेल यांनी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत दिले आणि ही निव्वळ निवडणुकीची खेळी असल्याची तक्रार केली.

एवढे होऊनही त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने घेतलेल्या पाहणीत अठरा ते एकोणतीस वयाच्या ५१ टक्के लोकांना बुश यांना सक्तीची भरती आणायची आहे असे वाटत होते. मला हे महत्त्वाचे वाटते. अफवेतला बहुतेक एकेक तुकडा खरा होता आणि खोटी होती ती शिवण. तुकडे खरे असल्यामुळे खंडन करणाऱ्याला दर वेळी ‘हो, विधेयक आहे, पण’ अशी सुरुवात करावी लागे, आणि ऐकणारा त्या ‘हो’पाशीच थांबे. आपल्याकडील जाणकारांना, विशेषतः त्या काळात तिथे असलेल्यांना, काय आठवते ते वाचायला आवडेल.

कागदी होडी – ६ ऑक्टोबर २०२४

माहिती उत्तम दिली आहे, पण आपण अफवा पसरवणाऱ्यांना फार सहज सोडून दिले आहे असे वाटते. तुकडे आपोआप शिवले जात नाहीत. तरुण मतदारांची नोंदणी करणाऱ्या ‘रॉक द व्होट’ या संस्थेने त्या वर्षी भरतीच्या आदेशासारखे दिसणारे साहित्य वापरून प्रचार केला आणि रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष एड गिलेस्पी यांनी तो थांबवण्याची मागणी करणारे पत्र त्यांना धाडले. सीबीएस या वाहिनीने सप्टेंबरअखेर या विषयावर जी बातमी दाखवली तिच्यात त्या साखळी-ईमेलांचा आधार घेतला होता आणि ईमेलमधील दावे खोटे आहेत हे पुरेसे स्पष्ट केले नव्हते, अशी टीका झाली. भीती दाखवली की तरुण मतदानाला बाहेर पडतो, हे उघड गणित होते. दुसरीकडे, पडणार हे ठाऊक असलेले विधेयक निवडणुकीच्या चार आठवडे आधी मतदानाला आणणे हेही गणितच. मला तरी ही अफवा दोन्ही पक्षांनी वापरलेली दिसते: एकाने पसरवून आणि दुसऱ्याने समारंभपूर्वक मारून.

जुनी पाने – ७ ऑक्टोबर २०२४

नदीकाठ यांनी २००४ ला या अफवेचा कळस मानले आहे. मी त्यांना एकशे साठ वर्षे मागे नेतो, कारण १८६४ सालची गोष्ट या चर्चेला थोडी अडचणीची आहे आणि म्हणूनच ती येथे यायला हवी.

यादवी युद्ध चालू होते आणि लिंकन यांची फेरनिवडणूक नोव्हेंबरमध्ये व्हायची होती. आदल्या वर्षी जुलैमध्ये सक्तीच्या भरतीवरून न्यूयॉर्क शहरात भीषण दंगली झाल्या होत्या. ३०० डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सुटका मिळत असल्यामुळे गरीब वस्त्यांत आधीच आग धुमसत होती. अशात १८ मे १८६४ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत असोसिएटेड प्रेसची तार ज्या पातळ कागदावर येई तसल्याच कागदावर लिहिलेले एक निवेदन पोचते झाले. त्यात अध्यक्षांनी उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता आणि आणखी चार लाख माणसांची मागणी केली होती. वेळ मोठ्या हुशारीने निवडलेली होती: रात्रपाळीचे संपादक घरी गेलेले आणि छपाई सुरू व्हायची घाई. ज्यांनी असोसिएटेड प्रेसच्या कचेरीत किंवा शेजारच्या वृत्तपत्रात विचारणा केली ते वाचले. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ या दोन पत्रांनी ते छापले. सकाळी सोन्याचा भाव चढला. सरकारने दोन्ही पत्रांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि संपादकांना अटकेचे हुकूम काढले. दोन-तीन दिवसांत खरा कर्ता सापडला, तो जोसेफ हॉवर्ड, ‘ब्रुकलिन ईगल’चा पत्रकार. निवेदन बनावट होते, आणि त्यामागचा उद्देश राजकीय नसून सोन्याच्या सट्ट्यात पैसा करण्याचा होता.

आता अडचण अशी की लिंकन यांनी आदल्याच दिवशी, १७ मे रोजी, तीन लाख माणसांच्या मागणीचा आदेश खरोखरच लिहून ठेवला होता आणि या प्रकारानंतर तो थोपवून धरला. १८ जुलैला त्यांनी मागणी केली ती पाच लाखांची. म्हणजे कागद बनावट, पण त्यावरची बातमी दोन महिन्यांत खरी ठरली, उलट आकडा कमीच निघाला. तेव्हा शिवण खोटी असली की अफवा खोटी, हे नेहमीच म्हणता येत नाही.

वसुधा_क – ७ ऑक्टोबर २०२४

ही चर्चा वाचून धीर आला आणि थोडी शंकाही आली. माझ्या धाकट्या बहिणीचे कुटुंब न्यू जर्सीत आहे. त्यांना ग्रीन कार्ड मिळाले तेव्हा भाचा पंधरा वर्षांचा होता. या ऑगस्टमध्ये तो अठरा पूर्ण झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाने सिलेक्टिव्ह सर्व्हिसचे पत्र आले. पत्राबरोबर एक कार्डासारखा अर्ज आहे: नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि सही, बस्स. त्याच आठवड्यात तुम्ही म्हणता तो व्हॉट्सॲपचा मजकूर आल्यामुळे बहिणीने तो अर्ज कपाटात ठेवून दिला आहे. तिचे म्हणणे असे की आम्ही अजून भारतीय नागरिक आहोत, आमच्या मुलाने दुसऱ्या देशाच्या लष्कराच्या यादीत आपण होऊन नाव का घालावे? मेहुण्यांचे मत असे की निवडणूक होऊ द्यावी, मग पाहू. कोणाला यातले नक्की ठाऊक असेल तर कृपया सांगावे.

दूरदेशी – ८ ऑक्टोबर २०२४

वसुधाताई, अर्ज कपाटातून काढून लवकरात लवकर पाठवायला सांगा, निवडणुकीची वाट पाहू नका. मी वीस वर्षांहून अधिक काळ इथे अमेरिकेत आहे आणि या एका गोष्टीवरून आपल्या मुलांची झालेली अडचण जवळून पाहिली आहे.

अठरा ते पंचवीस वयाच्या बहुतेक सर्व पुरुषांना ही नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्यात नागरिक तर आलेच, पण ग्रीन कार्डधारक, आश्रय मागणारे, इतकेच नव्हे तर कागदपत्रांशिवाय राहणारेही आले. वगळले आहेत ते कायदेशीर तात्पुरत्या व्हिसावर असलेले: विद्यार्थी-व्हिसावर आलेली मुले, एच-वन-बीवर काम करणारे तरुण, एच-फोरवर असलेली त्यांची मुले. त्यामुळे आपल्या समाजात दोन घरांची परिस्थिती अगदी वेगळी असू शकते आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाचे सांगितलेले अनुभव तुमच्या बहिणीला लागू पडतीलच असे नाही. अठरा ते पंचवीस या वयात कोणी ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तर त्या अर्जावरूनच त्याची नोंदणी बहुधा परस्पर होते. निसटतात ती तुमच्या भाच्यासारखी मुले, ज्यांना लहानपणीच ग्रीन कार्ड मिळाले. अठरावा वाढदिवस झाला की तीस दिवसांत नाव नोंदवायचे असते. उशीर झाला तरी सव्विसावा वाढदिवस होईपर्यंत ते घेतले जाते, त्यानंतर घेतच नाहीत.

न नोंदवल्यास कागदोपत्री शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी आहे. १९८६ नंतर त्यासाठी कोणावर खटला भरलेला नाही, तेव्हा त्या आकड्याने घाबरू नये. खरा फटका नागरिकत्वाच्या वेळी बसतो. नागरिकत्वाच्या अर्जात नोंदणी केली होती का, हा प्रश्न असतोच. सव्विशी ओलांडलेल्या आणि एकतिशीच्या आतल्या अर्जदाराला आपण हे जाणूनबुजून टाळले नव्हते असे पटवून द्यावे लागते, आणि ‘आईने अर्ज कपाटात ठेवला होता’ हे उत्तर अधिकाऱ्याला कितपत पटेल याचा विचार करा. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांसाठीही नोंदणी लागते. विद्यार्थ्यांच्या केंद्रीय अर्थसाहाय्याची अट मात्र २०२० च्या कायद्याने काढून टाकली आहे, त्यामुळे त्याबाबतचे जुने सल्ले आता लागू नाहीत.

कागदी होडी यांना मी पुस्ती जोडतो. अफवेने मते इकडची तिकडे किती झाली हे सांगणे कठीण आहे. पण नोंदणीला भरती समजून कागद दडवून ठेवणारी घरे मात्र प्रत्येक निवडणुकीत निर्माण होतात. जानेवारी २०२० मध्ये इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेल्यावर बनावट भरती-संदेश मोबाइलवर आले, अमेरिकी लष्कराला ते खोटे असल्याचे जाहीर करावे लागले आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसचे संकेतस्थळ गर्दीने बंद पडले. त्या दोन दिवसांत आमच्या मंडळाच्या गटावर तरुण मुलांच्या आयांनी जे प्रश्न विचारले त्यांपैकी एकही प्रश्न नोंदणीच्या मुदतीविषयी नव्हता.

हवालदार – ८ ऑक्टोबर २०२४

मी भारतीय सैन्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे एका बाजूनेच बोलू शकेन. व्यावसायिक सैन्याला सक्तीने आणलेला माणूस नको असतो. त्याला शिकवायला वर्ष जाते आणि उपयोगी पडू लागेपर्यंत त्याची जायची वेळ येते. २००३ च्या आरंभी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड असेच काही बोलले होते. मात्र सक्तीने आलेल्यांचा सैन्याला काही लाभ नव्हता, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ निघाल्यामुळे व्हिएतनामच्या माजी सैनिकांत संताप उसळला आणि त्यांना माफी मागावी लागली. म्हणजे ज्या सरकारवर भरती आणण्याचा आरोप होता त्याच सरकारच्या मंत्र्याला भरती नको असल्याचे फार स्पष्ट सांगितल्याबद्दल माफी मागावी लागली.

स्टॉप-लॉसविषयी एवढेच म्हणतो की ज्याच्यावर ती वेळ आली त्याला ती सक्तीच वाटली असणार. घरी जाण्याची तारीख ठरलेल्या माणसाला ‘आणखी एक वर्ष’ म्हणून सांगणे काय असते ते बाहेरच्याला कळणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धातील पंचवीस लाखांचे हिंदी सैन्यही स्वयंसेवी होते, आणि जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेवर या लोकसभा निवडणुकीत कितीही वाद झाला तरी तो वाद चार वर्षांच्या मुदतीचा आणि नंतर कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांचा होता. इथे मुले भरतीच्या मैदानावर पहाटे रांगा लावतात आणि आत जायला मिळावे म्हणून भांडतात.

कागदी होडी – ९ ऑक्टोबर २०२४

हवालदारसाहेब, पटले. पण आणखी एक उदाहरण मला अस्वस्थ करते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर जिमी कार्टर यांनी १९८० मध्ये, म्हणजे निवडणुकीच्याच वर्षी, नोंदणी पुन्हा सुरू केली; त्यांच्या आधीचे अध्यक्ष फोर्ड यांनी ती १९७५ मध्ये बंद केली होती. रोनाल्ड रेगन यांनी प्रचारात नोंदणीला विरोध केला, निवडून आले, आणि जानेवारी १९८२ मध्ये ती चालू ठेवत असल्याचे जाहीर केले. ती आजही चालू आहे. तेव्हा उमेदवाराच्या नकाराला लोकांनी किती किंमत द्यावी? २००४ मध्ये बुश यांच्या ग्वाहीवर निम्म्या तरुणांनी विश्वास ठेवला नाही, यात मला केवळ भोळेपणा दिसत नाही.

नदीकाठ – ९ ऑक्टोबर २०२४

जुनी पाने आणि कागदी होडी या दोघांनी माझ्या मांडणीतल्या नेमक्या कच्च्या जागा दाखवल्या आहेत. १८६४ ची गोष्ट मला ठाऊक होती, पण लिंकन यांचा तीन लाखांचा आदेश आधीच तयार होता हा तपशील नव्हता. त्यावर माझे म्हणणे असे: १८६४ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा अमलात होता, अध्यक्षाला माणसे मागण्याचा अधिकार होता आणि युद्धाला माणसे लागत होती. अफवेने फक्त आकडा आणि तारीख बनवली. २००४ मध्ये माणसांची चणचण होती, पण अधिकारच नव्हता, आणि तो देण्यास तयार असलेले दोनच प्रतिनिधी निघाले. उमेदवाराच्या ग्वाहीपेक्षा मी त्या ४०२ मतांवर भिस्त ठेवीन. नोंदणी चालू ठेवायला रेगन यांना काँग्रेसकडे नव्या कायद्यासाठी जावे लागले नाही. प्रत्यक्ष भरतीसाठी ते टळत नाही.

याच्या उलट टोकाला १९४० आहे. त्या वर्षी १६ सप्टेंबरला रूझवेल्ट यांनी शांतताकाळातील पहिल्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यावर सही केली आणि २९ ऑक्टोबरला, मतदानाला एक आठवडा उरलेला असताना, वॉशिंग्टनमध्ये सोडत निघाली. युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून पहिली चिठ्ठी काढवली. क्रमांक होता १५८. प्रतिस्पर्धी वेंडेल विल्की यांनी भरतीला आधीच पाठिंबा दिला होता. दोन्ही उमेदवार तीच गोष्ट उघड बोलत असल्यामुळे भरतीविषयी अफवेला जागाच उरली नाही. भीतीने मात्र दुसरी वाट शोधली: ही मुले परदेशातल्या युद्धावर पाठवणार का? विल्की यांनी तोच आरोप लावून धरला, आणि सोडतीच्या दुसऱ्याच दिवशी बोस्टनच्या सभेत रूझवेल्ट यांना मुलांना परक्यांच्या युद्धात पाठवणार नाही असे वचन द्यावे लागले. त्या वचनाचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे, तेव्हा वचनांविषयी कागदी होडी यांच्या शंकेला माझ्याकडूनच एक पुरावा घ्या.

२००४ नंतर काय झाले तेही सांगतो, कारण ईमेल पुढे ढकलणाऱ्यांनी ते कधी पाहिले नाही. १५ जून २००५ ही तारीख आली आणि गेली. त्या आर्थिक वर्षात लष्कराला ८० हजार नवे सैनिक हवे होते आणि मिळाले सुमारे ७३ हजार. म्हणजे तुटवडा खराच पडला. पण तो भरून काढण्यासाठी सक्ती आली नाही: भरतीचे बक्षीस वाढवले, वयाची मर्यादा २००६ मध्ये आधी ४० आणि मग ४२ वर नेली, शिक्षणाच्या व पूर्वचरित्राच्या अटी शिथिल केल्या. पुढे २००९ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरील डॉक्टर, परिचारिका आणि ठरावीक भाषा जाणणाऱ्यांना सैन्यात घेऊन झटपट नागरिकत्व देण्याची योजना सुरू झाली. त्या भाषांत काही भारतीय भाषाही होत्या, आणि २०१६ मध्ये बंद होईपर्यंत तिचा लाभ भारतातून गेलेल्या बऱ्याच तरुणांनी घेतला. माणसे कमी पडली तर अमेरिकी सरकार आधी पैसा आणि व्हिसा वापरते. रँगेल यांचा मूळ प्रश्न, म्हणजे युद्धाचा भार कोणावर पडतो हा, त्यामुळे सुटला नाही, उलट आणखी गडद झाला. त्यांनी ते विधेयक पुढेही अनेकदा मांडले आणि कोणी दखल घेतली नाही.

वसुधा_क – १० ऑक्टोबर २०२४

दूरदेशी, आपला प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. अर्ज भरून काल टपालात टाकला आहे. तिचा एकच प्रश्न उरला आहे: समजा उद्या काँग्रेसने खरोखरच कायदा केला तर या यादीतून मुले कोणत्या क्रमाने बोलावतील? कॉलेजात शिकत असेल तर सूट मिळते ना?

दूरदेशी – १० ऑक्टोबर २०२४

व्हिएतनामच्या काळी मिळायची तशी सूट आता नाही. १९७१ च्या दुरुस्तीनंतर विद्यार्थ्याला चालू सत्र संपेपर्यंतच मुदत मिळते, आणि शेवटच्या वर्षात असेल तर ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत.

क्रम जन्मतारखांच्या सोडतीने ठरतो. त्या वर्षी ज्यांना वीस पूर्ण होत आहेत ते सर्वांत आधी, मग एकवीस, बावीस असे करत पंचविशीपर्यंत, आणि त्यानंतरही माणसे लागली तर एकोणीस आणि सर्वांत शेवटी अठरा. यंत्रणेच्या आराखड्यानुसार कायदा झाल्यापासून पहिली तुकडी लष्कराच्या हवाली करायला १९३ दिवस आहेत. स्थानिक मंडळांपुढे सुनावण्या, वैद्यकीय तपासण्या आणि सद्सद्विवेकबुद्धीने युद्धाला विरोध करणाऱ्यांचे अर्ज हे सगळे याच काळात व्हायचे असते. त्यामुळे एका रात्रीत घरातून उचलून नेतील ही भीती मजकुराच्या दोन्ही आवृत्त्यांतून वगळायला हरकत नाही.

वसुधा_क – १० ऑक्टोबर २०२४

म्हणजे आमच्या भाच्याचा क्रम आज तरी सर्वांत शेवटचा, आणि दोन वर्षांनी सर्वांत पहिला. हे बहिणीला सांगावे की नाही याचा विचार करते आहे. पोच आल्यावर नोंदणी क्रमांक ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवायला मात्र सांगितले आहे.

दूरदेशी – ११ ऑक्टोबर २०२४

सांगा, ताई. तिला ते कुठल्यातरी ईमेलमधून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेले बरे. आणि पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचे असते, तेही सव्विसावा वाढदिवस होईपर्यंत. कॉलेजसाठी मुले घर सोडतात तेव्हा हे हमखास राहून जाते.